फाइलीची ओळख : नावावरून नव्हे, आरंभावरून

समजा तुमच्या शाळेने अंबरनाथच्या शिवमंदिरावर एक छोटे प्रदर्शन भरवायचे ठरवले आहे. कोणी छायाचित्रे काढली, कोणी माहिती लिहिली, कोणी मार्गदर्शकांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. हे सारे साहित्य एका पेनड्राइव्हवर गोळा झाले. शाळेच्या संगणकावर पाहता त्यात चार फायली अडचणीच्या निघाल्या. ‘मंदिर.जेपीजी’ नावाची फाइल चित्र म्हणून उघडेना. ‘शिलालेख’ नावाच्या फाइलीला शेपूटच नव्हते, त्यामुळे ती कशाने उघडावी हे संगणकाला कळेना. ‘नोंद.टीएक्सटी’ उघडली, पण तिच्यातला मजकूर म्हणजे कसल्याशा इंग्रजी अक्षरांची भेळ होती. आणि चौथी फाइल, ‘निमंत्रण.पीडीएफ.एपीके’, कोणी आणि का पाठवली हेच कोणाला ठाऊक नव्हते.

या चार फायलींमध्ये खरोखर काय आहे, हे त्या न उघडता ओळखता येईल का? बहुतेक वेळा येते, आणि तेही फाइलीचे पहिले दहावीस बाइट पाहून. ते कसे, हे आपण या लेखात पाहू. जाता जाता, अशी ओळख कोठे फसते हेही पाहू, कारण ते कळल्याशिवाय पहिली गोष्ट पुरती कळत नाही.

डब्यावरचे नाव आणि डब्यातला जिन्नस

आपल्या घरच्या फळीवर पाहा. बोर्नव्हिटाच्या डब्यात मुगाची डाळ असते आणि बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा. आईला हे पक्के ठाऊक असते. पण पाहुणा आला तर तो डबा उघडून पाहील, शंका वाटली तर चिमूटभर जिन्नस चाखून पाहील. साखर आणि मीठ यांच्या बाबतीत तर चाखण्याला पर्यायच नाही!

फाइलीच्या नावाला शेवटी जोडलेली जेपीजी, पीडीएफ, एमपीथ्री ही अक्षरे म्हणजे डब्यावरचे लिहिलेले नाव होय. त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. आपण त्याला सोयीसाठी शेपूट म्हणू. हे शेपूट नावाचा भाग आहे, फाइलीच्या आतल्या मजकुराचा नव्हे. ते बदलले तरी आतला एकही बाइट बदलत नाही. परीक्षेच्या किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जाबरोबर छायाचित्र ‘फक्त जेपीजी’ स्वरूपात मागतात. अशा वेळी पुष्कळ मुले दुसऱ्याच प्रकारच्या चित्राचे शेपूट खोडून तेथे ‘जेपीजी’ लिहितात आणि अर्ज नाकारला गेला की बुचकळ्यात पडतात. मिठाच्या डब्यावर ‘साखर’ लिहिल्याने चहा गोड होत नाही. प्रकार बदलण्यासाठी ते चित्र योग्य आज्ञावलीत उघडून नव्या स्वरूपात साठवावे लागते.

फाइल म्हणजे नुसत्या आकड्यांची रांग

संगणकाच्या दृष्टीने कोणतीही फाइल म्हणजे बाइटांची एक रांग असते. एक बाइट म्हणजे आठ बिट. म्हणून त्याची किंमत ० ते २५५ यांपैकी कोणतीही असू शकते. चित्र असो, गाणे असो वा निबंध असो, रांगेत आकडेच. ८० हा आकडा एके ठिकाणी इंग्रजी ‘पी’ हे अक्षर असेल, दुसरीकडे एखाद्या ठिपक्याची तांबडी छटा असेल, तिसरीकडे ध्वनीच्या लहरीची उंची असेल. नुसत्या ८० कडे पाहून तो काय आहे हे सांगता येत नाही. म्हणूनच बहुतेक प्रकारच्या फायलींचे शिल्पकार रांगेच्या आरंभी काही ठरावीक बाइट ठेवतात. ते बाइट म्हणजे त्या प्रकाराची खूण, किंवा मुद्रा.

मुद्रेची कल्पना आपल्याला नवी नाही. शिवमंदिर ज्यांच्या काळात उभे राहिले त्या उत्तर कोकणच्या शिलाहार राजांचे ताम्रपट एका कडीत ओवलेले असत आणि त्या कडीवर गरुडाची मुद्रा असे. बदामीच्या चालुक्यांची मुद्रा वराहाची. पत्र्यावरची एक ओळही न वाचता, कडी पाहूनच जाणकार माणूस सांगू शकतो की हा दानलेख कोणत्या घराण्याचा असावा. फाइलीच्या आरंभीचे बाइट हेच काम करतात.

काही नेहमीच्या खुणा पुढे दिल्या आहेत. आकडे दशमान पद्धतीत आहेत.

जेपीजी चित्र : २५५ २१६ २५५
पीएनजी चित्र : १३७ ८० ७८ ७१ १३ १० २६ १०
जीआयएफ चित्र : ७१ ७३ ७० ५६
बीएमपी चित्र : ६६ ७७
पीडीएफ दस्तऐवज : ३७ ८० ६८ ७० ४५
झिप गठडी : ८० ७५ ३ ४
विंडोजची चालणारी आज्ञावली : ७७ ९०

यांतील पुष्कळ आकडे अक्षरांचे संकेतांक आहेत. ७१, ७३, ७० म्हणजे जी, आय, एफ. ८० आणि ७५ म्हणजे पी आणि के. १९८९ साली झिप हे स्वरूप लोकांपुढे आणणाऱ्या फिल कॅट्झ यांच्या कंपनीच्या नावातली ती अक्षरे. ७७ आणि ९० म्हणजे एम आणि झेड. मायक्रोसॉफ्टमधील अभियंते मार्क झ्बिकोव्स्की यांची ती आद्याक्षरे. जगातल्या कोट्यवधी संगणकांवरील प्रत्येक विंडोज आज्ञावलीच्या आरंभी आजही ती बसलेली आहेत.

खूण नेहमी अगदी पहिल्या बाइटापासूनच सुरू होते असे मात्र नाही. २०१७ पासून आयफोनमध्ये वापरात आलेल्या ‘हेइक’ प्रकारच्या चित्रात पहिल्या चार बाइटांत एक लांबी लिहिलेली असते. त्यानंतर १०२ ११६ १२१ ११२ (एफ, टी, वाय, पी ही छोटी अक्षरे) आणि त्यापुढे प्रकाराचे नाव येते. आपल्या पेनड्राइव्हवरच्या ‘मंदिर.जेपीजी’चे पहिले बाइट पाहिले तर हीच खूण दिसते. म्हणजे छायाचित्र ठीक आहे. कोणीतरी फक्त त्याचे शेपूट बदलले आहे. ‘हेइक’ समजणाऱ्या आज्ञावलीत ते उघडून जेपीजी म्हणून साठवले की पहिली अडचण सुटली.

उडीच्या आज्ञेतून जन्मलेली खूण

या खुणांना संगणकाच्या जगात ‘मॅजिक नंबर’, म्हणजे जादूचा आकडा, असे गमतीदार नाव आहे. त्याची कथाही मनोरंजक आहे. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत पीडीपी-११ या संगणकावर युनिक्स ही कार्यप्रणाली वाढत होती. तिच्यातील चालणाऱ्या आज्ञावलीच्या आरंभी आठ शब्दांचे एक शीर्ष असे. त्यात आज्ञावलीची लांबी वगैरे माहिती असे. आता संगणक पहिल्या शब्दापासून आज्ञा पाळू लागला, तर ही माहितीसुद्धा तो आज्ञा समजून पाळू लागेल! म्हणून पहिल्या शब्दात अष्टमान ४०७ हा आकडा ठेवला. पीडीपी-११ च्या भाषेत त्याचा अर्थ ‘पुढचे सात शब्द ओलांडून उडी मार’ असा होतो. एक शब्द स्वतः आणि सात ओलांडलेले, असे आठ शब्दांचे शीर्ष पार होई.

पुढे कार्यप्रणालीच हे शीर्ष वेगळे वाचू लागली आणि उडीची गरज संपली. पण ४०७ आरंभी राहिलाच. त्याच्यावरून ‘ही चालणारी आज्ञावली आहे’ हे ओळखता येऊ लागले. १९७३ सालच्या चौथ्या युनिक्समध्ये ‘फाइल’ नावाची एक आज्ञा आली. तिला कोणत्याही फाइलीचे नाव दिले की ती आतले बाइट पाहून प्रकार सांगे. आज लिनक्सवर जी ‘फाइल’ आज्ञा चालते, ती कॅनडातील इयन डार्विन यांनी १९८६ च्या सुमारास लिहायला घेतलेल्या आज्ञावलीची वंशज आहे. तिच्यातली एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. खुणांची यादी आज्ञावलीच्या पोटात नसून वेगळी ठेवलेली आहे. नवा प्रकार आला की यादीत एक ओळ वाढवायची. आज्ञावलीला हात लावायचा नाही.

पीएनजीचे आठ पहारेकरी

एखादी खूण किती विचारपूर्वक रचता येते याचा उत्तम नमुना म्हणजे १९९६ साली प्रमाणित झालेल्या पीएनजी चित्राचे आठ बाइट. ते पुन्हा पाहा : १३७ ८० ७८ ७१ १३ १० २६ १०.

पहिला १३७. त्या काळी काही दळणवळणाच्या वाटा प्रत्येक बाइटाचे सातच बिट पोचवीत. आठवा, म्हणजे १२८ किमतीचा, बिट गळून पडे. तसे झाले तर १३७ चे ९ होतात आणि नुकसान तात्काळ कळते. नंतरची तीन अक्षरे पी, एन, जी. माणसाने पाहिले तरी ओळखावे म्हणून. पुढे १३ आणि १०. विंडोजमध्ये मजकुराची ओळ संपली की १३ व १० अशी जोडी लिहितात, तर युनिक्समध्ये नुसते १०. फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना काही आज्ञावल्या ‘मदत’ म्हणून ही जोडी बदलून टाकत आणि त्यात चित्राचा चुराडा होई. १३-१० चे नुसते १० झाले, तर हा पहारेकरी सांगतो. उलट बाजूने १० चे १३-१० झाले, तर शेवटचा एकटा १० सांगतो. उरला २६. जुन्या डॉस प्रणालीत फाइल चुकून पडद्यावर छापली तर २६ येताच छपाई थांबे, म्हणजे पडदाभर कचरा उसळत नसे.

आठ बाइटांत इतका विचार! भौतिकशास्त्रात आपण उपकरण वापरण्याआधी त्याचा शून्यांक तपासतो ना, तसाच हा प्रकार आहे.

योगायोग किती वेळा होईल?

खूण किती लांब असावी? हा साध्या संभाव्यतेचा प्रश्न आहे. बाइटांची किंमत यदृच्छेने पडली असे धरले, तर एक ठरावीक बाइट जुळण्याची शक्यता २५६ मध्ये १. दोन बाइटांची ६५,५३६ मध्ये १. तीन बाइटांची १,६७,७७,२१६ मध्ये १.

आता एक खरा उपयोग घ्या. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डवरील छायाचित्रे चुकून पुसली गेली, तर बहुधा फक्त अनुक्रमणिकेतील नोंद पुसली जाते; छायाचित्राचे बाइट, त्यांच्यावर नवे काही लिहिले जाईपर्यंत, जागेवरच असतात. अशा वेळी फाइलींची नावे हाताशी नसली तरी संपूर्ण कार्ड चाळून २५५ २१६ २५५ ही जेपीजीची खूण शोधता येते, आणि तेथून पुढे २५५ २१७ या समाप्तीच्या खुणेपर्यंतचा भाग उचलता येतो. मात्र चित्राच्या पोटात एखादे लहान चित्रही असते, आणि त्याच्याही शेवटी समाप्तीची खूण असते. म्हणून पहिली समाप्ती दिसताच थांबून चालत नाही. पुरावे तपासणारे तज्ज्ञ ही पद्धत नेहमी वापरतात.

कार्ड ३२ गिगाबाइटचे असेल तर त्यावर सुमारे ३,२०० कोटी बाइट असतात. प्रत्येक जागेवरून खूण शोधली, तर नुसत्या योगायोगाने ती ३,२०० कोटी भागिले १.६७७ कोटी, म्हणजे सुमारे १,९०० वेळा सापडेल! १,९०० खोटी छायाचित्रे कोण तपासत बसणार? पण कार्डवर फाइल कोठूनही सुरू होत नाही. ती ५१२ बाइटांच्या कप्प्याच्या आरंभीच सुरू होते. फक्त तेवढ्याच जागा पाहिल्या तर त्या होतात सव्वासहा कोटी, आणि खोट्या खुणा उरतात तीनचार. एक साधी अट घातल्याने काम ५१२ पटींनी सोपे झाले. पीएनजीच्या आठ बाइटांच्या बाबतीत तर योगायोगाची भीती बाळगण्याचे कारणच नाही. ती शक्यता १८ या आकड्यावर १८ शून्ये, इतक्यांत १ अशी आहे.

खूण नसलेली फाइल : आपली मराठी

आता ‘शिलालेख’ या शेपूट नसलेल्या फाइलीकडे वळू. तिच्या आरंभी यादीतली कोणतीच खूण नाही. साध्या मजकुराच्या फाइलीला शीर्ष नसतेच. पहिल्या बाइटापासून मजकूरच सुरू होतो. तिचे पहिले नऊ बाइट असे आहेत :

२२४ १६४ १८२ २२४ १६४ १९१ २२४ १६४ १८१

काही लय दिसते का? दर तीन बाइटांनी २२४ आणि १६४ येतात. आज बहुतेक सर्वत्र मजकूर युनिकोडच्या ‘यूटीएफ-८’ पद्धतीने साठवतात. त्या पद्धतीत देवनागरीच्या नेहमीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पहिला नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५. तिसरा बाइट चिन्ह सांगतो : येथे श, मग ऱ्हस्व इकार, मग व. म्हणजे फाइल ‘शिव’ या शब्दाने सुरू होते! खूण लिहून ठेवलेली नसतानाही लिपीने स्वतःची खूण उमटवली आहे.

मात्र ही खूण लिपीची आहे, भाषेची नव्हे. हिंदी, नेपाळी, संस्कृत यांचेही बाइट असेच दिसतील. भाषा ओळखायची तर आणखी पुढे जावे लागेल. उदाहरणार्थ, २२४ १६४ १७९ म्हणजे ‘ळ’ हे अक्षर वारंवार आले, तर ते हिंदी नसून मराठी असण्याचा संभव वाढतो.

‘नोंद.टीएक्सटी’ची कथा वेगळी आहे. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक ठरवले होते. पण छपाईच्या धंद्यात निरनिराळे फॉन्ट आपापल्या सोयीने चालत. त्यांत इंग्रजी अक्षराच्या संकेतांकाच्या जागी मराठी अक्षराचा एखादा तुकडा बसवलेला असे. अशा फाइलीत बाइट इंग्रजीचे आणि अर्थ मराठीचा! फॉन्ट जवळ असेल तोवर सगळे ठीक. तो हरवला की उरते ती अक्षरांची भेळ. कोणता फॉन्ट वापरला हे सांगणारा एकही बाइट साध्या मजकुरात नसतो. काही फॉन्टांसाठी जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या आज्ञावल्या आहेत, पण त्यासाठी फॉन्टाचे नाव कळावे लागते. तुमच्या घरी, शाळेत किंवा गावच्या मंडळात अशा जुन्या स्मरणिका, हिशेब, कवितांच्या फायली असतील, तर फॉन्ट ठाऊक असलेली माणसे आहेत तोवरच त्या बदलून घ्याव्यात. ज्या मजकुराला ओळख नाही, तो असूनही नसल्यासारखा होतो.

खूण सुचवते, साक्ष ठरवते

मुंबई महानगरपालिकेला इंग्रजीत ‘बीएमसी’ म्हणतात. समजा, ‘बीएमसी स्कूल’ हे शब्द इंग्रजी लिपीत लिहून एखादी साधी टीप सुरू होते. बीएमसी मोठ्या अक्षरांत आणि स्कूल लहान अक्षरांत. तिचे पहिले दोन बाइट ६६ आणि ७७. वरची यादी पाहा : ही तर बीएमपी चित्राची खूण! नुसती खूण पाहणारी आज्ञावली या टिपेला बेधडक चित्र ठरवील.

यातून सुटायचे कसे? दुसरी साक्ष काढायची. बीएमपी चित्रात खुणेनंतरच्या चार बाइटांत फाइलीची एकूण लांबी लिहिलेली असते. आपल्या टिपेत तेथे सी, मोकळी जागा, एस, सी ही अक्षरे आहेत. म्हणजे ६७ ३२ ११५ ९९. पहिला बाइट एककाचा, दुसरा २५६ चा, तिसरा ६५,५३६ चा, चौथा १,६७,७७,२१६ चा असा हिशेब केला तर संख्या येते १,६६,८४,८९,२८३. ही टीप १६६ कोटी बाइटांची आहे म्हणे! प्रत्यक्षात ती असते चारपाचशे बाइटांची. साक्ष खोटी पडली. तेव्हा हे चित्र नव्हे.

शिवमंदिराच्या शिलालेखाबाबत हेच घडले आहे. उत्तर दारावरच्या तुळईवरील हा लेख काळाने बराच झिजलेला आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातील वर्ष शके ७८२, म्हणजे इ. स. ८६०, असे वाचले होते. पुढील अभ्यासकांनी ते शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असे निश्चित केले. एका अंकाचा फरक, आणि मंदिर दोनशे वर्षांनी पुढे सरकले! या वाचनाला पाठबळ देणारी दुसरी साक्ष आहे. लेखात ज्याचे नाव आहे तो मुम्मुणी ऊर्फ मामवाणी हा छित्तराज या शिलाहार राजाचा धाकटा भाऊ. छित्तराजाचा भांडुप येथे मिळालेला ताम्रपट शके ९४८ चा, म्हणजे इ. स. १०२६ चा आहे. धाकटा भाऊ थोरल्याच्या दीडशे वर्षे आधी राज्य कसे करील? झिजलेल्या अंकाबद्दलची शंका अशा रीतीने वंशावळीने मिटते. चांगली आज्ञावलीही अशीच वागते.

गठडीतला चोर

आता चौथी फाइल. ‘निमंत्रण.पीडीएफ.एपीके’चे पहिले बाइट आहेत ८० ७५ ३ ४. म्हणजे ती पीडीएफ नक्कीच नाही. ती झिप गठडी आहे. पण येथे थांबून चालत नाही. शब्दसंस्करणाची आजची ‘डॉक्स’ फाइल ही आतून झिप गठडीच असते, तक्त्यांची ‘एक्सएलएसएक्स’ही तशीच, आणि अँड्रॉइड फोनवर बसवायची ‘एपीके’ आज्ञावलीही तशीच. सर्वांची कडी एकच. आत कोणते पत्रे आहेत ते पाहावे लागते. गठडीत ‘वर्ड’ नावाचा कप्पा दिसला तर दस्तऐवज. ‘अँड्रॉइडमॅनिफेस्ट’ नावाची फाइल दिसली तर ती आज्ञावली.

हा फरक किती महागात पडतो पाहा. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका म्हणून एपीके फाइल पाठवून फसवण्याचे प्रकार अलीकडे देशभर घडले आहेत. २०२५ साली हिंगोली जिल्ह्यातील एका सरकारी कर्मचाऱ्याने असे निमंत्रण उघडले आणि त्यांच्या खात्यातून लाखाहून अधिक रुपये गेले. पत्रिकेला चालण्याची, फोनवर ‘बसण्याची’ परवानगी कशाला हवी? हा एक प्रश्न मनात आला तरी पुष्कळ काम होते.

बनावट ताम्रपट इतिहासकारांना ठाऊक आहेत. मुद्रा पाहून भुलणारा फसतो. तसेच येथेही आहे. जेपीजी चित्र आरंभापासून वाचतात, तर झिप गठडीची अनुक्रमणिका तिच्या शेवटी असते. म्हणून चित्राच्या मागे गठडी जोडली, तर एकच फाइल चित्रही ठरते आणि गठडीही! तेव्हा खुणेवरून फाइल कोणत्या प्रकारची ‘दिसते’ ते कळते. ती निर्धोक आहे की नाही, हे कळत नाही.

आज्ञावली कशी लिहावी?

पायथन भाषेत हे काम थोडक्यात होते. फाइल ‘आरबी’ पद्धतीने उघडावी. यातील ‘बी’ म्हणजे बाइट जसेच्या तसे द्या, त्यांना अक्षरे समजू नका. ‘रीड’ आज्ञेने पहिले ३२ बाइट घ्यावेत. त्यांना ‘लिस्ट’ लावली की वर दिले तसे दशमान आकडे पडद्यावर येतात. पुढचा क्रम असा :

१. एकही बाइट मिळाला नाही तर ‘रिकामी फाइल’ असे सांगा.
२. खुणांच्या यादीतील प्रत्येक खूण तिच्या ठरावीक जागेवर जुळते का ते पाहा. लांब खुणा आधी, आखूड खुणा नंतर.
३. खूण आखूड असेल, जसे बीएमपी, तर लांबीसारखी दुसरी साक्ष तपासा.
४. झिप निघाली तर गठडीतील नावे पाहा.
५. काहीच जुळले नाही तर बाइट यूटीएफ-८ च्या नियमात बसतात का ते पाहा. बसले तर ‘मजकूर’.
६. तेही नसेल तर ‘अज्ञात’ असे सांगा.

पाचव्या पायरीवर एक खाच आहे. देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात आणि ३२ ला ३ ने भाग जात नाही. मराठी मजकुराचे पहिले ३२ बाइट घेतले, तर शेवटचे अक्षर अर्धवट तुटण्याचा संभव असतो आणि कडक आज्ञावली उगाच ‘अज्ञात’ म्हणेल. शेवटचे अपुरे अक्षर माफ करावे.

सहावी पायरी दिसायला किरकोळ, पण तिचे महत्त्व मोठे आहे. ठाऊक नसेल तेथे आज्ञावलीने अंदाज ठोकू नये, ‘अज्ञात’ म्हणावे.

करून पाहा

१. तुमच्या संगणकावरील पाच वेगवेगळ्या प्रकारच्या फायलींच्या प्रती काढा. प्रतींची शेपटे खोडून टाका आणि मित्राला पहिल्या आठ बाइटांवरून प्रकार ओळखायला सांगा.

२. स्वतःचे नाव मराठीत लिहून मजकुराची फाइल साठवा. चिन्हे मोजा, त्यांची तिप्पट करा आणि फाइलीची लांबी पाहा. काही वेळा तीन बाइट जास्त भरतील. ते आरंभी २३९ १८७ १९१ असे असतील. शेवटी ओळ संपवली असेल तर एकदोन बाइट आणखी वाढतील. आरंभीचे तीन बाइट कोणी आणि कशासाठी ठेवले असतील, याचा शिक्षकांबरोबर शोध घ्या.

३. इंग्रजी मोठ्या अक्षरांत एम आणि झेड यांनी सुरू होणारी एक साधी टीप तयार करून लिनक्सच्या ‘फाइल’ आज्ञेला द्या. ती काय उत्तर देते? बरोबर उत्तर येण्यासाठी आणखी कोणती साक्ष काढावी लागेल?